‘काकू, साध्या गोळीने गुण येत नाही हो!’

मागच्या अंकात याच पानावर मी एका वाचकाला एका ओळीत लिहिलं होतं की जेनेरिक औषध (मूळ कंपनीऐवजी दुसऱ्यांनी बनवलेलं तेच औषध) घ्यायला काही हरकत नाही, आणि पुढे वळले. ती एक ओळ मला चांगलीच महागात पडली. एवढी पत्रं आणि मेल आले की संपादक म्हणाले, काकू, या वेळी दुसरं काही नको, पूर्ण पान यालाच देऊन टाका. नवीन वाचकांसाठी सांगते, मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही, मिरजेत हॉस्पिटलांच्या गल्लीत २८ वर्षं मेडिकल चालवलं आणि आता मुलाकडे सोपवून मोकळी झालेय. त्यामुळे मी सांगते ते काउंटरच्या आतल्या बाजूचं.

प्रश्न: सासूबाईंना बीपी आणि शुगर आहे. महिन्याचा खर्च झेपेना म्हणून मी जनऔषधीतून (सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातून) तीच औषधं आणली, बीपीची टेल्मिसार्टन आणि शुगरची मेटफॉर्मिन. त्या ‘सरकारी गोळी’ म्हणून घेईनात, म्हणून मी गोळ्या स्ट्रिपमधून काढून जुन्या डबीत भरून ठेवल्या. चार दिवसांनी त्यांनी वासावरून ओळखलं! म्हणाल्या याला मासळीचा वास येतो, औषध खराब आहे, मला चक्कर येतेय. घरात महाभारत झालं. नवरा म्हणतो आण बाई जुन्याच. काय करू? (एक सून, कोल्हापूर)

अगं, तुझ्या सासूबाईंचं नाक पक्कं आहे! मेटफॉर्मिनला मुळातच मासळीसारखा वास येतो, तो त्या औषधाचाच गुण आहे, कुठल्याही कंपनीचं घे. काही कंपन्या वरून चांगलं कोटिंग करतात म्हणून तो दबतो, साध्या गोळीत जरा जास्त येतो, बाकी खराब-बिराब काही नाही. आमच्या दुकानात वर्षातून पाच-सहा जण तरी ही गोळी परत घेऊन यायचे, एक आजोबा तर कागदात गुंडाळून आणायचे आणि म्हणायचे हुंगून बघा.

पण तुला एक विचारते, आधीच्या पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर असं काही होतं का? ती हळूहळू विरघळणारी गोळी असते, आणि तू तिच्या जागी साधी मेटफॉर्मिन आणली असशील तर पोट बिघडू शकतं, मळमळू शकतं, आणि मग लोक म्हणतात जेनेरिक सोसलं नाही. तो जेनेरिकचा दोष नाही, गोळीच वेगळी आणली गेली. नाव, मिलिग्रॅम आणि ही शेपटी, तिन्ही जुळायला हवं. आणि एसआरची गोळी तोडून द्यायची नाही हं. अजून एक, एसआर घेणाऱ्यांना कधीकधी शौचात गोळीचं रिकामं टरफल दिसतं आणि ते घाबरून येतात की गोळी विरघळलीच नाही, औषध तसंच बाहेर पडलं. औषध तोवर अंगात उतरलेलं असतं, बाहेर येतं ते नुसतं टरफल. हे महागड्या ब्रँडमध्येही होतं.

आता चक्कर. तिला उडवून लावू नकोस. घरी मशीन असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिही, शुगर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोनदा तपास, आणि ते आकडे डॉक्टरांना दाखव. आकडे ठीक असतील तर गोळी काम करतेय. तरी त्यांना चक्कर येऊ शकेल, आणि ती खोटी नसेल. २००८ साली अमेरिकेत ८२ लोकांवर एक प्रयोग झाला होता, सगळ्यांना तीच औषध नसलेली खोटी गोळी दिली, फक्त अर्ध्यांना सांगितलं हिची किंमत अडीच डॉलर आणि उरलेल्यांना सांगितलं हिची १० सेंट. महागवाल्यांपैकी ८५ टक्क्यांचं दुखणं कमी झालं, स्वस्तवाल्यांपैकी ६१ टक्क्यांचं. गोळीत काहीच नव्हतं बघ! तेव्हा सासूबाई नाटक करतात असं म्हणू नकोस. आपल्याकडे ‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ म्हणतात ना, तसाच पाकिटालाही गुण असतो.

आणि डबी बदलायची आयडिया मला मुळीच आवडली नाही. एक तर स्ट्रिपमधून काढलेल्या गोळ्यांची एक्सपायरी कळत नाही, बॅच कळत नाही, हवा लागते ते वेगळंच. दुसरं म्हणजे त्यांच्या दृष्टीने सून आपल्याला फसवून औषध चारतेय. त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि डॉक्टरांच्या तोंडून वदवून घे की ही तीच गोळी आहे. जनऔषधीला माल देणाऱ्या कंपन्यांना डब्ल्यूएचओ-जीएमपी (कारखान्यातल्या दर्जाचं) सर्टिफिकेट लागतं आणि बॅच एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये तपासून मग दुकानात येते, हे तू सांगितलंस तर त्या ऐकणार नाहीत, डॉक्टरांनी सांगितलं तर ऐकतील.

प्रश्न: मेडिकलवाल्याने ॲसिडिटीची स्ट्रिप दिली, त्यावर एमआरपी ११० छापलेली आणि माझ्याकडून ४० घेतले. म्हणाला ‘जेनेरिक आहे, डिस्काउंट दिला’. पुढच्या चौकात दुसरा पूर्ण ११० मागत होता. हे काय गौडबंगाल आहे? ११० ची वस्तू ४० ला परवडते म्हणजे डुप्लिकेट असणार ना? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

शाब्बास, पूर्ण पत्रांच्या गठ्ठ्यात मुद्द्याचं तूच विचारलंस.

बघ दादा, आपण जेनेरिक आणि ब्रँडेड असे दोन डबे करतो ना, तिथंच गोची आहे. औषध शोधून काढणारी मूळ कंपनी एक असते, तिचं पेटंट संपलं की तेच औषध बाकीच्यांनी बनवायचं, ते झालं जेनेरिक. आपल्याकडे १९७० च्या कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंटच नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं, १ जानेवारी २००५ पासून पदार्थावरही सुरू झालं. त्यामुळे तू लहानपणापासून ज्या ‘कंपनीच्या’ गोळ्या खाल्ल्यास त्यातल्या जवळजवळ सगळ्या जेनेरिकच, फक्त नाव दिलेल्या. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो, तिन्हीच्या पोटात पॅरासिटामॉल.

मग दुकानात ‘ब्रँडेड’ आणि ‘जेनेरिक’ म्हणून जे मिळतं ते काय? तर तीन वेगळी प्रकरणं. एक, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येणारा नामांकित ब्रँड, ज्याच्यासाठी एमआर (कंपनीचे प्रतिनिधी) बॅग घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवतात, तो खर्च गोळीच्या किमतीत. दोन, जनऔषधीचा माल, किंमतच कमी छापलेली. आणि तीन, तुझी ती स्ट्रिप, हिला आमच्या धंद्यात ट्रेड जेनेरिक म्हणतात. हिच्यासाठी एमआर नाही, डॉक्टरांकडे कोणी जात नाही, कंपनी सरळ स्टॉकिस्टला, म्हणजे ठोक विक्रेत्याला देते आणि स्टॉकिस्ट आम्हाला. दुकानदाराला पडते समजा १५ ला आणि छापलेले असतात ११०. मोठमोठ्या कंपन्याही हा माल काढतात, कधीकधी त्याच कारखान्यातून. म्हणजे डुप्लिकेट नाही रे, पण स्वस्तपणाचा फायदा तुला किती द्यायचा हे काउंटरवरचा माणूस ठरवतो. नाशिकच्या त्या पहिल्याने ४० घेतले, दुसऱ्याने ११० मागितले, दोघंही कायद्यात बसतात.

आता माझंच सांगते, लपवून काय करायचं. आमच्या दुकानात डाव्या हाताच्या रॅकमध्ये हा माल असायचा आणि सुरुवातीच्या काही वर्षांत रात्री-बेरात्री कर्नाटकातून आलेला पेशंट ‘कुठलंही द्या पण लवकर द्या’ म्हणाला की माझा हात डावीकडे जायचा आणि बिल छापील किमतीनेच व्हायचं. ओळखीच्यांना निम्म्यात. हे चूक होतं हे मला तेव्हाही कळत होतं.

सरकारचं नियंत्रण आहे का, तर अर्धवट आहे. अत्यावश्यक औषधांची यादी असते, २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत, त्यांची कमाल किंमत एनपीपीए ही केंद्र सरकारची संस्था ठरवते. पण ती ठरते कशी, तर बाजारात १ टक्का किंवा जास्त हिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची आणि वर दुकानदाराचे १६ टक्के. बनवायला काय खर्च येतो हा प्रश्नच नाही. यादीबाहेरच्या औषधांची पहिली किंमत कंपनी ठरवेल ती, पुढे वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही एवढंच. तेव्हा एमआरपी बघून दर्जा ठरवू नकोस, ना महाग म्हणून चांगलं ना डिस्काउंट म्हणून खोटं. बिल मात्र दरवेळी घे, बॅच नंबर लिहिलेलं.

प्रश्न: मला १२ वर्षं थायरॉइड आहे. तुमचं वाचून गोळी बदलली आणि टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढला. आता बोला. (एक नाराज वाचक, ठाणे)

बोलते, आणि आधी माफी मागते, कारण मागच्या त्या एका ओळीत हे सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही.

थायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉइडच्या गोळीचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात, त्यामुळे थोडा फरकही रिपोर्टमध्ये दिसतो. अशी काही मोजकी औषधं आहेत जिथं कमी पडलं तर उपयोग नाही आणि जरा जास्त झालं तर त्रास. फिटची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, हृदयाची झडप बदललेल्यांची रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन, मनोविकाराची लिथियम, हृदयाची डिगॉक्सिन. इथं नियम असा की जी कंपनी लागू पडलीय तीच धरून राहायचं, मग ती महाग असो की स्वस्त. जेनेरिक वाईट म्हणून नाही, महागड्या ब्रँडवरून दुसऱ्या महागड्या ब्रँडवर उडी मारली तरी हाच प्रश्न. १९६८ च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमध्ये औषध तेवढंच ठेवलं आणि नुसती भरायची पावडर बदलली, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज घातलं, तर पेशंटच्या रक्तात औषध एवढं वाढलं की विषबाधा झाली. नुसत्या पावडरीने!

तुम्ही एकतर परत जुन्यावर जा किंवा नवीनवरच ठाम राहा, पण डॉक्टरांना सांगून, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करा, त्याआधी केलेला रिपोर्ट नीट कळत नाही. आणि हो, बदललेल्या काळात गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर घेत नव्हतात ना? उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. निम्म्या वेळा चोर इथंच सापडतो.

प्रश्न: केमिस्टला म्हटलं याच कंटेंटचं स्वस्तातलं दे, तर म्हणाला चिठ्ठीवर हेच लिहिलंय, मला बदलता येत नाही. खोटं बोलत होता का? (सोलापूर)

नाही, खरं बोलत होता. १९४५ च्या औषध नियमांमधला ६५ वा नियम आहे, शेड्यूल एच मधलं (चिठ्ठीशिवाय विकता न येणारं) औषध चिठ्ठीवर ज्या नावाने लिहिलंय त्याच्या बदल्यात दुसरं देता येत नाही, आत तोच पदार्थ असला तरी. प्रत्यक्षात सर्रास बदललं जातं हा भाग वेगळा. डॉक्टरांना सांगा की चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहा. बरेचसे लिहून देतात, विचारायची आपल्यालाच भीती वाटते.

प्रश्न: मी ३० वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. तुमच्या लिखाणात डॉक्टर म्हणजे कंपन्यांचे दलाल असा सूर असतो. मी ब्रँड लिहितो कारण त्याच्या दर्जाची मला खात्री असते. मी नुसतं मूळ नाव लिहिलं तर कुठली कंपनी द्यायची हे तुमचा केमिस्ट ठरवणार, ज्यात त्याला मार्जिन जास्त ते. पेशंटला गुण नाही आला तर शिव्या मला. (एक डॉक्टर, बारामती)

डॉक्टरसाहेब, तुमचा अर्धा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, वरच्या नाशिकच्या पोराला मी माझा डावा रॅक दाखवलाच आहे. २ ऑगस्ट २०२३ ला नॅशनल मेडिकल कमिशनने (डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने) मूळ नावानेच लिहायचा नियम काढला आणि तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, स्थगित केला, तेव्हा तुमच्या लोकांनी हेच सांगितलं होतं की आधी दर्जाची हमी द्या. बरोबरच आहे. आपल्याकडे पूर्वी औषध मंजूर होऊन चार वर्षं उलटली की राज्याकडून लायसन्स घेताना ते मूळ औषधाइतकंच रक्तात उतरतं का हे दाखवावंच लागायचं नाही. एप्रिल २०१७ पासून पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांसाठी ती चाचणी सक्तीची केली. म्हणजे त्याआधी लायसन्स मिळालेला बराच माल बाजारात फिरतोच आहे.

पण ‘खात्री असते’ म्हणता ना, ती कशावरून? केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेची दर महिन्याला अप्रमाणित औषधांची यादी निघते, ती जरूर चाळा, त्यात गल्लीबोळातल्या कंपन्या असतात तशा नामांकितही असतात. मोठ्या ब्रँडच्या कित्येक गोळ्या हिमाचलमध्ये बद्दीसारख्या ठिकाणी दुसऱ्याच कोणाच्या कारखान्यात बनतात, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ वाचलंत की कळेल. तुमची खात्री त्या कारखान्याची आहे की दर महिन्याला येऊन हसून बोलणाऱ्या एमआरची? राग मानू नका, मी सुद्धा दहावर एक फ्री अशी स्कीम बघूनच माल भरायचे. तुम्ही, मी आणि तो एमआर एकाच नावेत होतो, पैसे फक्त पेशंटचे जायचे.

प्रश्न: पाकिटावर मूळ औषधाचं नाव शोधायचं कुठं? ब्रँडच मोठ्ठा दिसतो. (जळगाव)

सप्टेंबर २०१८ पासून नियम आहे की मूळ नाव ब्रँडपेक्षा किमान दोन साइज मोठ्या अक्षरात छापायचं, निदान एकाच औषधाच्या गोळीवर तरी. दिसत नसेल तर चष्म्याचा नंबर तपासा किंवा कंपनीचा. ऑगस्ट २०२३ पासून सगळ्यात जास्त खपणाऱ्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोडही सक्तीचा आहे, तो स्कॅन केला की औषधाचं नाव, बॅच, एक्सपायरी येते.

प्रश्न: आम्ही न्यूजर्सीत राहतो. इथं फार्मसीत काही न विचारता जेनेरिक देतात आणि सगळे घेतात, आणि बाटलीवर बघितलं तर बनवलेलं भारतात! आणि पुण्यात आईबाबा म्हणतात आम्हाला नको ते जेनेरिक. हा काय विनोद आहे?

विनोदच आहे, पण त्याला कारण आहे. तुमच्याकडे दहातली नऊ प्रिस्क्रिप्शन्स जेनेरिकची असतात कारण १९८४ च्या कायद्यापासून व्यवस्थाच तशी उभी केलीय, जेनेरिक मूळ औषधाएवढंच रक्तात उतरतं हे दाखवल्याशिवाय बाजारात येत नाही. त्यासाठी मूळ औषधाच्या तुलनेत ८० ते १२५ टक्के अशी पट्टी असते, ती बघून काही जण म्हणतात की बघा, २० टक्के कमी चालतं! तसं नाही, नुसती सरासरी नाही, तर शक्यतांची सगळी रेंज त्या पट्टीच्या आत बसावी लागते. तिथल्या एफडीएने, म्हणजे औषध नियंत्रण संस्थेने, १२ वर्षांतले २०७० अभ्यास तपासले तर रक्तात उतरणाऱ्या औषधात सरासरी फरक साडेतीन टक्के निघाला. मग फार्मसिस्टने बदलून दिलं तरी कोणाला धाकधूक नसते. आपल्याकडे कारखाने आहेत, तपासणारी माणसं कमी आहेत. तुमचे आईबाबा औषधाला नको म्हणत नाहीत हो, त्यांना वाटतं चांगला माल बाहेर जातो आणि आपल्या वाट्याला उरलेला. ही शंका त्यांनी हवेतून आणलेली नाही.

प्रश्न: मी पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये नोकरी केली. आमच्या वेळी सरकारी औषध म्हणजे अभिमान होता, आता ‘सरकारी’ म्हणजे हलकं. हे कधी झालं? (वय ७८, चिंचवड)

आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. १९५४ ला ती कंपनी निघाली, पुढे तिथं पेनिसिलिन बनायला लागलं, हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध तर तिथंच शोधलं गेलं. १९७५ ला सरकारने औषध उद्योगासाठी नेमलेल्या हाथी समितीने सांगितलंच होतं की ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने बंद करा, पुढे ॲनाल्जिन, ॲस्पिरिन वगैरे पाच औषधांपासून सुरुवात करायचा प्रयत्नही झाला, कंपन्या कोर्टात गेल्या आणि ते तिथंच बारगळलं. कधी झालं म्हणता, तर माझ्या डोळ्यांदेखत झालं, सरकारी दवाखान्यात औषध ‘शिल्लक नाही’ म्हणून बाहेरची चिठ्ठी मिळायला लागली आणि लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं की खरं औषध बाहेर मिळतं. जनऔषधीलाही हीच भीती आहे. २००८ ला अमृतसरला पहिलं दुकान निघालं, आता देशात हजारोंनी आहेत, यादीत दोन हजारांवर औषधं आहेत, पण चार औषधांची चिठ्ठी घेऊन गेलं आणि दोनच मिळाली की माणूस पुढच्या वेळी सरळ नेहमीच्या मेडिकलला जातो.

प्रश्न: काकू, खरं सांगा, तुम्ही स्वतः काय घेता? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

बीपीची अमलोडिपिन जनऔषधीची, सहा वर्षं झाली. थायरॉइडची एकाच कंपनीची, चौदा वर्षं, बदललेली नाही. ताप आला तर पॅरासिटामॉल, जी हाताला लागेल ती.

आणि चार वर्षांपूर्वी यांना रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं, ॲडमिट केलं, स्टेंट टाकला, तेव्हा नर्सने दिलेली चिठ्ठी घेऊन मी हॉस्पिटलच्या फार्मसीत गेले आणि त्याने दिलं ते घेतलं. २८ वर्षं दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचणारी मी, ती चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही. बिल अजून फायलीत आहे. त्यावरची क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ नये म्हणून) आणि अटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची), दोन्ही स्वस्तातली माझ्या डाव्या रॅकमध्ये होती, आणि त्या क्षणी कोणी ती आणून दिली असती तर मी घेतली नसती.

(पुढच्या महिन्यात अँटिबायोटिक अर्ध्यात सोडणाऱ्यांची खबर घेणार आहे. पत्रं पाठवा, गोळ्या हुंगायला पाठवू नका.)